उपासाला चालणारी गोळी

बायकोचं नाव विसरणं हा आजार आहे की गुन्हा, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. ती शेजारी उभी असताना विसरणं हा मात्र गुन्हाच, असं तिचं म्हणणं आहे.

झालं असं, की वाशीच्या एका लॅबमध्ये मी रक्त द्यायला गेलो होतो. गेले काही महिने तोंडावर सूज, भर मे महिन्यात पायात मोजे, आणि आवाज असा की फोनवर लोक आधी "झोपेतून उठवलं का?" म्हणून माफी मागायचे. काउंटरवरच्या मुलीने माझं नाव विचारलं, मी सांगितलं. वय विचारलं, तेही थोडं कमी करून सांगितलं. मग ती म्हणाली, "इमर्जन्सीसाठी मिसेसचं नाव?" मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

नाव येईना. चेहरा समोर, चेहऱ्यावरचा वाढता संतापही समोर, पण नाव नाही.

"ह्या," मी बोट दाखवत म्हणालो.

मुलीने कीबोर्डवर बोटं ठेवली. "सर, ह्या म्हणजे एच, वाय, ए?"

"प्रेमला," शेजारून बायको म्हणाली. दोन्ही ओठ मिटून एवढं स्पष्ट बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आता माझ्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. मी तिला "अगं" म्हणतो, ती मला "अहो" म्हणते. तिचं नाव मी एकदाच जाहीरपणे घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही मामाने मागून चिमटा काढला म्हणून. त्यानंतर ते नाव रेशन कार्डावर होतं आणि मी निर्धास्त होतो. वापरात नसलेली वस्तू ऐनवेळी सापडत नाही, हा तर घराघरातला अनुभव आहे. पण हा युक्तिवाद रिक्षात बसल्यावर चालला नाही.

खरं सांगायचं तर युक्तिवाद मलाही पटला नव्हता. मी घाबरलो होतो. आमचे बाबा शेवटच्या काळात सगळं विसरले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग माणसं. मी ऑफिसातून आलो की ते मला पाहुण्यासारखं "या, बसा" म्हणायचे आणि आतल्या खोलीकडे बघून "अहो, यांना चहा टाका" अशी ऑर्डर द्यायचे. तो चहा मी त्यांच्यासमोर पाहुण्यासारखाच संकोचत प्यायचो. ते सगळं आता माझ्या वाट्याला येणार, एवढंच त्या रिक्षात माझ्या डोक्यात होतं.

रिपोर्ट आला. बाबांचा आजार नव्हता, थायरॉईड होता. मंदावलेला. मला हायसं वाटलं, पण ते सोसायटीच्या गेटपर्यंतच टिकलं.

"थायरॉईड?" शेजारचे हारुनभाई म्हणाले. हारुनभाई मूळचे श्रीवर्धनकडचे. वाशीच्या मार्केटात त्यांचा सुक्या मेव्याचा गाळा आहे. "तो तर बायकांना होतो! आमच्या सईदाला हाय. तुमाला कसा झाला?"

हा प्रश्न मला पुढे आमच्या सगळ्या सानपाड्याने विचारला. जणू मी बायकांच्या डब्यात चुकून चढलो होतो. लिफ्टमध्ये दोन वहिनी भेटल्या तर त्या मला केस गळतात का, ब्लाऊजच्या बाह्या घट्ट होतात का, असं विचारायला लागल्या आणि दुसऱ्या मजल्यावर भानावर आल्या. सईदाभाभींनी तर "भाऊ, आता तुमी आमच्यातले," असं म्हणून मला मानाचं सभासदत्व दिलं. माणसाला निदान आजार तरी पुरुषासारखा व्हावा.

डॉक्टर हेतल या बाई हसऱ्या आहेत, आणि हसऱ्या डॉक्टरांची मला भीती वाटते. त्यांनी गोळी लिहून दिली, "सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची" म्हणून बजावलं, आणि मी विचारलं नसताना माहितीही दिली. थायरॉईड मंद असला की काही लोकांमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलेला दिसतो, पण गोळी नीट सुरू झाली की तो बहुतेक उतरतो, वगैरे. यातलं "पण"च्या पुढचं मी ऐकलंच नाही.

"म्हणजे नेमकं काय होतं?" मी विचारलं.

"सोपं करून सांगायचं तर लोखंडाला गंज चढतो ना, तसं काहीसं पेशींमध्ये चालतं. पण तुम्ही त्याचं टेन्शन घेऊ नका."

ज्या आजाराच्या नावातच स्ट्रेस आहे त्याचं टेन्शन घेऊ नका, हे सांगायला डॉक्टरच हवेत. मी घरी येईपर्यंत आतून गंजलो होतो. डोक्याला गंज चढलाय असं आमचे गणिताचे मास्तर मला नेहमी म्हणायचे. त्याला आता वैद्यकीय आधार मिळाला होता.

गंज म्हटल्यावर पहिला सल्ला जानूमामाचा येणार हे ठरलेलंच होतं. मामा घणसोली गावात राहतो, जन्म खाडीत होडीवर गेला. फोनवर बातमी ऐकली आणि तासाभरात तो दारात हजर.

"गंज काय रं, आमी जनमभर गंजाशीच भांडलो. इंजिनाला काय कमी गंज चढं? खारी हवा लागली का चढला. हवा लागू द्यायची नाय, बास."

"मामा, मला हवा कशी नाही लागू द्यायची?"

"ता मला काय म्हाईत? मी इंजिनाचा सांगतो." मग जरा विचार करून म्हणाला, "ग्रीस चोपडायचा."

मामाचं ग्रीस आम्ही ऐकून सोडून दिलं, पण हवेचा मुद्दा माझ्या डोक्यात बसला. ऑक्सिडेटिव्ह म्हणजे ऑक्सिजन, हे तर दहावी पास माणसालाही समजतं. त्या दिवसापासून मी श्वास जरा बेताने घेऊ लागलो.

त्यात ऑफिसने भर घातली. डॉक्टरांकडे जायला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि प्रामाणिकपणे कारण लिहिलं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. दुपारी ॲडमिनच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सुभाष, हा स्ट्रेस तुम्हाला कोण देतंय?"

"थायरॉईड, सर."

"कुठल्या डिपार्टमेंटचा?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं सगळं माझ्या गळ्याशी आलंय. ते चांगलेच घाबरले. कंपनीवर काही लेखी तक्रार करू नका, आपण बोलून मार्ग काढू, असं म्हणून त्यांनी माझं नाव तळमजल्यावरच्या तणावमुक्ती शिबिरात घातलं. तिथे एक प्रशिक्षक डोळे मिटून सांगत होते, "खोल श्वास घ्या. जास्तीत जास्त ऑक्सिजन आत घ्या." माझी स्थिती बघा. श्वास घ्यावा तर गंज, न घ्यावा तर स्ट्रेस. मी मध्यममार्ग काढला आणि प्रत्येक श्वास अर्धा घेतला. दहाव्या मिनिटाला मला घेरी आली आणि दोघांनी मला खुर्चीसकट बाहेर नेलं. माझ्या फाइलमध्ये "अतितणाव" असा शेरा पडला, आणि तेव्हापासून ऑफिसात सगळे माझ्याशी आजारी मुलाशी बोलावं तसं बोलू लागले.

तो काळ वाईट होता. विसरणं वाढलं होतं. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या ठरावाला विरोध करायला उभा राहिलो आणि ठराव कोणता तेच विसरलो. मग सुरक्षित म्हणून सगळ्याच ठरावांना विरोध करून खाली बसलो. एकदा लिफ्टमध्ये शिरलो आणि वर जायचंय की खाली हे आठवेना, तेव्हा कोणीतरी बटण दाबेपर्यंत आतच उभा राहिलो.

प्रेमला माझी परीक्षा घेऊ लागली होती. तेही असं की मला कळू नये. भाजी निवडता निवडता सहज विचारायची, "आपल्या साखरपुड्याला मी कुठल्या रंगाची साडी नेसले होते हो?" आता हा प्रश्न ठणठणीत नवऱ्यालाही सुटत नाही. मी "हिरवी" म्हणायचो. ती पुन्हा भाजीत डोकं घालायची आणि मला कळायचं की आपण नापास झालो. दुसऱ्या दिवशी मी "जांभळी" म्हणायचो. त्याने तिची काळजी दुप्पट व्हायची.

म्हणून मग तिने गंजाविरुद्ध मोहीमच उघडली. शरीराचा गंज काढणाऱ्या पदार्थांची नावं हल्ली सगळ्यांनाच पाठ असतात. हारुनभाईंनी अक्रोड आणि खजूर आणून दिले, पैसे विचारले तर रागावले. कोणी आवळा म्हणालं, कोणी कोकम, कोणी हळदीचं दूध. प्रश्न होता हे सगळं कधी घ्यायचं. गंज रात्रभर चढतो, तेव्हा तो सकाळीच काढायला हवा, असं प्रेमलाचं म्हणणं. पण सकाळी तर गोळी. आणि गोळी उपाशीपोटी.

इथे प्रेमलाच्या डोक्यात जी वीज चमकली ती फक्त मराठी घरातच चमकू शकते. ती म्हणाली, "उपाशीपोटी म्हणजे उपासाचं चालेल."

मला यात काहीही गैर वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं. आपल्याकडे एकादशीला माणूस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं, शेंगदाण्याचे लाडू आणि दोन वेळा चहा एवढं घेऊन रात्री "आज कडक उपास आहे" असं गंभीर चेहऱ्याने सांगतो. उपाशी म्हणजे काय याची आमची व्याख्या पिढीजात आहे. ती एका गोळीसाठी कोण बदलणार?

तरी शंकेला जागा नको म्हणून आम्ही वरच्या मजल्यावरच्या वेणूबाईंकडे गेलो. उपासाला काय चालतं नि काय नाही, या विषयात वेणूबाई म्हणजे आमच्या विंगचं हायकोर्ट. त्यांनी सगळं प्रकरण शांतपणे ऐकून घेतलं. राजगिरा मंजूर झाला, दूध मंजूर, अक्रोड, खजूर, शेंगदाणा मंजूर. आवळ्याला हरकत नव्हती. जवस नामंजूर, सोयाबीन तर विचारूच नका. हळदीवर बराच खल झाला. त्यांच्या माहेरी चालते, सासरी चालत नाही. शेवटी त्यांनी सासरचा कायदा लावला आणि हळदीचं दूध रात्रीवर ढकललं. हिरव्या चहावर त्या जरा अडल्या, पण "पानच आहे ना? मग चालेल," म्हणून तोही मोकळा केला.

तेव्हापासून प्रेमला पहाटे उठायची. मी उठेपर्यंत ताटात दोन राजगिऱ्याचे लाडू, भिजवलेले अक्रोड, खजूर, आवळ्याची फोड, मोठा पेलाभर दूध आणि कपभर हिरवा चहा तयार असे. मध्यभागी एका वाटीत ती चिमुकली पांढरी गोळी. मी लाडवाचा एक घास, गोळी, दुधाचा घोट, असं सगळं एकदम घ्यायचो. प्रेमला समोर बसून शेवटचा घास पोटात जाईपर्यंत बघत राहायची. एकदा मामा आला होता. ताट बघून म्हणाला, "या उपाशी? मंग जेवतोस तवा काय करतो?" आम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मामा शेवटी इंजिनवाला.

मी बरा होत नव्हतो. थंडी वाढली, आवाज आणखी बसला, डोळ्यांवरची झापड जाईना. प्रेमलाने लाडू दोनाचे तीन केले.

पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट बघताना डॉक्टर हेतल पहिल्यांदाच हसल्या नाहीत. जो आकडा खाली यायला हवा तो वर गेला होता.

"गोळी रोज घेता?"

"रोज. एकही दिवस चुकली नाही," प्रेमला म्हणाली.

"उपाशीपोटी?"

"अगदी कडक," मी म्हणालो.

"बरोबर काही घेत नाही ना?"

प्रेमलाने अभिमानाने सगळं सांगितलं. लाडवांपासून हिरव्या चहापर्यंत. डॉक्टरांचं पेन हळूहळू खाली आलं.

"हे सगळं... उपाशीपोटी?"

"हो मग! उपासाला चालतं ते. आम्ही विचारून घेतलंय."

डॉक्टर हेतल स्वतः उपासाला फराळ करणाऱ्या घरातल्या, त्यामुळे त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मग त्यांनी सावरून समजावलं, की ही गोळी फार लाजाळू असते. दूध, लाडू, चहा समोर दिसले की ती पोटात नीट शोषलीच जात नाही. इतके दिवस मी गोळी खाल्ली खरी, पण बरीचशी लाडवांनीच अडवून धरली होती. आणि तो गंज घालवायला या मेव्यापेक्षा तीच गोळी कामाची होती. "नुसतं पाणी. मग तासभर काही नाही. लाडू नंतर खा ना, मी कुठे नको म्हणते?"

मी हसायला सुरुवात केली, कारण माझी भीती एकदम निम्मी झाली होती. म्हणजे मी बिघडत नव्हतो, फक्त गोळी पोचत नव्हती! शेजारी पाहिलं तर प्रेमला हसत नव्हती.

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. पाम बीच रोड लागल्यावर म्हणाली, "म्हणजे पहाटे उठून मी तुम्हाला गंजच चारत होते."

"अगं, असं काय!"

"बाबांना मीच चहा द्यायचे ना शेवटी," ती बाहेर बघतच म्हणाली. "रोज विचारायचे, बाई, तुम्ही कोणाकडच्या? मी रोज सांगायचे, तुमची सून. मग हात जोडायचे. तुम्ही त्या दिवशी लॅबमध्ये ह्या म्हणालात ना, तेव्हापासून मला झोप नाही. उद्या तुम्हीही विचारलंत, तर मी काय सांगू? आणि लाडू तरी किती करू?"

इतके दिवस मी एकट्यानेच घाबरत होतो अशा समजुतीत होतो, आणि ही बाई माझी भीती राजगिऱ्यात वळत होती. तिला नावाने हाक मारावी असं अगदी जिभेवर आलं. नाव आठवत होतं, लख्ख आठवत होतं. पण इतक्या वर्षांचा संकोच आडवा आला, आणि भर बसमध्ये मी पुन्हा "अगं" एवढंच म्हणालो.

हारुनभाईंना सगळी हकिगत कळली तेव्हा ते जिन्यातच खाली बसले. हसून झाल्यावर म्हणाले, "सुभाषभाऊ, मला का नाय विचारलं? आमचा रोजा असला का पान्याचा थेंब नाय. तुमचा उपास म्हंजे दुपारचं जेवन! आमची सईदा गोळी घेते ना, तर रमजानात सुद्धा आधी गोळी, मग थांबते, मग पहाटेचं सहरीचं खानं. तुमी थायरॉईड आमच्याकडून घेतला, उपास पन आमच्याकडून घ्यायचा ना!" वेणूबाईंना मात्र निकाल मान्य झाला नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, राजगिरा चालतो तो चालतोच, असं त्या अजून सांगतात.

मग सकाळचं ताट गेलं. एक गोळी, एक पेला पाणी. चहाच्या पातेल्यावर झाकण, आणि झाकणावर प्रेमलाचा हात, कारण माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. तो तास फार मोठा असतो. पण हळूहळू मोजे निघाले. आवाज थोडा थोडा परतला. सभेत मी एकाच ठरावाला विरोध केला, आणि तो कोणता हेही मला माहीत होतं. साखरपुड्याची साडी मात्र आठवली नाही. ती कधी माहीतच नव्हती.

पुन्हा रक्त द्यायचा दिवस आला. तीच लॅब, तोच काउंटर, तीच मुलगी. मागे रांगेत आठ-दहा बायका, सगळ्या बहुधा माझ्याच आजाराच्या. प्रेमला शेजारी उभी होती आणि पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती. परीक्षेला बसलेल्या पोराची आई बाहेर उभी असते तशी.

"सर, कॉम्प्युटर बदललाय, सगळं परत भरायचंय," मुलगी म्हणाली. "मिसेसचं नाव?"

प्रेमलाचा श्वास थांबला हे मला न बघता कळलं. तिने ओठ उघडले, सांगायच्या तयारीत. मी हात वर करून तिला थांबवलं, घसा साफ केला, आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"लाडू नको, दूध नको, पाण्याचा फक्त घोट,
प्रेमलाचं नाव घेतो, रिकामं ठेवून पोट!"

मग मागच्या रांगेतून पहिली टाळी पडली आणि बाकीच्या बायकांनी ती उचलून धरली. आत रक्त काढणारा सुई हातात घेऊनच दारात येऊन उभा राहिला. प्रेमलाने पदर तोंडाला लावला होता. हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं, आणि मला वाटतं तिलाही कळत नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने टाइप करून मान वर केली. "आणि मॅडमचं आडनाव तेच ना?"

प्रेमलाने डोळे पुसले, माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "हो. आता राहू द्या तेच."